शस्त्र की अवजार? : रानातल्या स्वस्त सुरीचा इतिहास

मराठीत 'हत्यार' हा शब्द मोठा समावेशक आहे. सैनिकाच्या कमरेला असते ते हत्यार, आणि सुताराच्या पेटीत असतात तीही हत्यारेच. खंडेनवमीला तलवारीच्या शेजारी करवत, विळा, कात्री मांडून आपण सगळ्यांना एकाच हाताने हळदकुंकू वाहतो. भाषेने आणि लोकाचाराने पुसट केलेली ही सीमारेषा बाजारात मात्र फार ठळक असते. शस्त्राला किंमत येते ती त्याच्याभोवतीच्या कथेमुळे. अवजाराला येते ती त्याच्या कामामुळे. रानावनात मुक्कामाला जाणाऱ्या सामान्य माणसाने आपल्याला परवडणारी सुरी कशी निवडावी, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका साधा नाही. वरवर पाहता तो साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचाही आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत या प्रश्नावर जे लिहिले गेले ते वाचू लागले, की लक्षात येते की हा वाद जितका पोलादाचा होता तितकाच कथनांचाही होता. कोणती गोष्ट वाचून माणूस रानात निघाला आहे, यावर त्याने कोणती सुरी विकत घेतली हे ठरत होते.

१. कादंबरीतली सुरी

१९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावाजवळ, दोन गृहस्थांचे द्वंद्व ठरले होते. द्वंद्व रक्तपाताशिवाय मिटले. पण सोबत आलेल्या मंडळींमध्ये हाणामारी जुंपली. तीत जेम्स बोवी नावाच्या माणसाने गोळ्या आणि वार अंगावर झेलूनही आपल्या मोठ्या सुरीने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत देशभर नेली. १८३६ मध्ये टेक्सासमधील अलामोच्या वेढ्यात बोवी मारला गेला आणि आख्यायिकेला लागणारा वीरमरणाचा शेवटही तिला मिळाला. त्या दिवशी त्याच्या हातातली सुरी नेमकी कशी होती, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. परंतु आख्यायिकेला पुराव्याची गरज नसते आणि व्यापाराला तर मुळीच नसते. 'बोवी सुरी' या नावाने जाड पात्याच्या, मुठीजवळ आडवा दांडा असलेल्या, टोकाला बाक घेतलेल्या सुऱ्यांची मागणी इतकी वाढली, की इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखानदार खास अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी त्या घडवू लागले. काहींच्या पात्यांवर शौर्याची घोषवाक्येही कोरलेली असत.

पुढे १८६० पासून दहा सेंटांत मिळणाऱ्या साहसकथांच्या पुस्तिका निघू लागल्या आणि सीमाप्रदेशातला नायक घरोघर पोहोचला. ज्याने आयुष्यात कधी झाडाची फांदी तोडली नव्हती, अशा कारकुनालाही रानातला माणूस म्हणजे कमरेला भली मोठी सुरी लावलेला माणूस, हे ठाऊक झाले. वस्तू आधी आणि तिचे वर्णन नंतर, हा आपला नेहमीचा समज येथे उलटा होतो. येथे वर्णन आधी आले आणि दुकानातली वस्तू त्याबरहुकूम घडवली गेली.

२. ग्रीन नदीची सुरी

प्रत्यक्ष रानात राहणाऱ्यांच्या कमरेला मात्र दुसरेच काही होते. जॉन रसेल नावाच्या उद्योजकाने १८३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रीनफील्ड येथे, ग्रीन नदीच्या काठी, पोलादी अवजारांचा कारखाना काढला. प्रारंभी तेथे पटाशा होत. नंतर खाटकाच्या आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होऊ लागल्या. शेफील्डमध्ये एकेक सुरी हाताने घडवली आणि घासली जात होती. रसेलने पाण्याच्या शक्तीवर चालणारे घण आणि यंत्रे वापरली. सुरी स्वस्त झाली, शिवाय एकसारखी झाली. पात्यावर कारखान्याचे आणि नदीचे नाव उमटवलेली ही सुरी पश्चिमेकडच्या फासेपारध्यांत, व्यापाऱ्यांत, रेड्यांच्या शिकाऱ्यांत पसरली. पातळ सरळ पाते, दोन लाकडी फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेली मूठ, आणि चामड्याचे साधे म्यान, बस्स. मुळात ती खाटकाचीच सुरी होती, आणि रानातले बहुतेक काम हे खाटकाचेच आणि स्वयंपाक्याचेच असते.

येथेही शब्दाने एक गंमत केली. पश्चिमेत वायोमिंगच्या मुलखात दुसरी एक ग्रीन नदी आहे. फासेपारध्यांचे वार्षिक मेळावे तिच्या खोऱ्यात भरत. त्यामुळे सुरीवरचे नाव त्या रांगड्या मुलखाचे आहे, असे पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात ते पूर्वेकडच्या एका कारखान्याच्या गावाचे होते. जॉर्ज रक्स्टन या इंग्रज प्रवासी लेखकाची 'लाइफ इन द फार वेस्ट' ही लेखमाला १८४८ मध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगेझिन'मध्ये आली. तीतल्या फासेपारध्यांच्या बोलीत ग्रीन नदी हा शब्द थेट सुरीसाठी येतो. कारखान्याचा शिक्का बोलीतला शब्द झाला.

मात्र स्वस्ताईचा हा हिशेब पुरा मांडायचा तर शेफील्डच्या बाजूलाही पाहावे लागते. फ्रिडरिश एंगल्सने १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथात शेफील्डच्या पाती घासणाऱ्या कामगारांचे वर्णन आहे. फिरत्या दगडावर वाकून पाते धरायचे आणि दगडाची व पोलादाची भुकटी दिवसभर छातीत ओढायची. ओल्या दगडावर काम करणारे त्यातल्या त्यात सुखी. कोरड्या दगडावर काटे घासणारे तर भर तारुण्यात दम्याने आणि क्षयाने मरत. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले होते, पण ते सर्वत्र बसले नव्हते. अलामोच्या वीराचे नाव मिरवणाऱ्या सुरीमागे हा असा एक अनाम मृत्यूही उभा होता. वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांतले अंतर कोणीतरी आपल्या श्वासाने भरून काढलेले असते, हे या इतिहासाचे पहिले ध्यानात ठेवण्यासारखे वाक्य.

३. चांभाराचे टीकाशास्त्र

कादंबरीतल्या सुरीवर पहिला नेमका वार केला तो एका चांभाराने. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स १८२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. लहानपणी कापडगिरणीत राबला, तरुणपणी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो या गावी जोडे शिवत राहिला. देह किरकोळ, उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन जेमतेम ५० किलो, आणि छातीला क्षयाची बाधा. 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकात तो 'नेसमुक' या टोपणनावाने लिही. हे नाव त्याला बालपणी रानविद्येचे धडे देणाऱ्या एका मूळ अमेरिकन तरुणाचे होते. कवी म्हणूनही त्याने लेखन केले. 'फॉरेस्ट रून्स' हा त्याचा संग्रह १८८७ चा. परंतु त्याचे नाव राहिले ते १८८४ च्या 'वुडक्राफ्ट' या छोट्या पुस्तकामुळे.

१८८३ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरोंडॅकच्या सरोवरांतून २६६ मैलांचा प्रवास एका नावेतून एकट्याने केला. हेन्री रश्टन या कारागिराने बांधलेल्या त्या नावेचे वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोंच्या आसपास होते. तिचे नाव त्याने ठेवले 'सेअरी गॅम्प'. डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मधली ही मद्यप्रिय परिचारिका पाण्याला शिवत नाही. नावेनेही पाणी आत घेऊ नये, हा त्यातला श्लेष. जोडे शिवणारा माणूस डिकन्सच्या पात्रावरून नावेचे बारसे करतो, ही गोष्ट त्याच्या लेखनाच्या पोताविषयी बरेच सांगून जाते.

'वुडक्राफ्ट'मधला त्याचा वाचक ठरलेला आहे. वर्षभर कामाला जुंपलेला, थोडी सुटी आणि थोडेच पैसे असलेला माणूस. रानात जायचे ते हाल सोसण्याचा पराक्रम करायला नव्हे, तर आयुष्य थोडे सुसह्य करायला, ही त्याची भूमिका आहे. या भूमिकेतून तो दुकानातल्या 'शिकारी' सुऱ्यांकडे वळतो तेव्हा त्याची लेखणी धारदार होते. या जाड, बोजड, मधोमध कणा असलेल्या सुऱ्या खुनशी दिसतात, पण कामाला येत नाहीत. त्या शोभाव्यात तर दहा सेंटांच्या कादंबरीत किंवा एखाद्या नामचीन दरोडेखोराच्या पट्ट्यात, असे तो बजावतो. सुरीच्या गुणदोषांची चर्चा करताना साहित्यप्रकाराचे नाव घेणारा हा लेखक आपल्या दृष्टीने खरोखर समीक्षक आहे. त्याने रोग ओळखला होता: ही वस्तू कामातून जन्मलेली नाही, वाचनातून जन्मलेली आहे.

त्याचा स्वतःचा संच तीन नगांचा होता. एक, दोन्ही बाजूंना धार असलेली छोटी कुऱ्हाड. दोन, पातळ पात्याची म्यानातली सुरी. तीन, खिशातला दोन पात्यांचा मजबूत चाकू. कुऱ्हाडीने फोडायचे, सुरीने सोलायचे आणि चिरायचे, चाकूने कोरायचे. एका हत्याराकडून सगळी कामे करवून घेण्याचा हट्ट त्याने सोडला आणि प्रत्येक नग लहान होऊ शकला. अर्थात येथे एक विसंगतीही नोंदवायला हवी. साधेपणाच्या या प्रवक्त्याला मनाजोगती कुऱ्हाड कोणत्याच लोहाराकडे मिळेना. अखेर रॉचेस्टरच्या एका शस्त्रक्रियेची उपकरणे करणाऱ्या कारागिराकडून त्याने ती करवून घेतली. साधेपणालाही कधी कधी बरीच वणवण करावी लागते. पण त्याच्या सुरीला अशी वणवण लागत नव्हती. तिच्यातला मुख्य गुण, म्हणजे पात्याचा पातळपणा, कोणत्याही चांगल्या खाटकाच्या सुरीत होता.

४. ग्रंथपालाची सुरी

नेसमुक १८९० मध्ये वारला. त्याचा वारसा पुढे नेला तो एका ग्रंथपालाने. होरेस केफार्ट (जन्म १८६२) हा विद्वान माणूस. विलार्ड फिस्के या संग्राहकासाठी त्याने इटलीत पेट्रार्कविषयक ग्रंथांच्या संग्रहावर काम केले आणि पुढे सेंट लुई येथील मर्कंटाइल ग्रंथालयाचा तो प्रमुख झाला. मद्यपान, मनाचा कोसळा आणि संसाराची वाताहत यांतून तो १९०४ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत येऊन राहिला. १९०६ मध्ये त्याचे 'द बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट' आले. १९१६-१७ मध्ये ते वाढून दोन खंडांचे झाले. अर्पणपत्रिका नेसमुकच्या स्मृतीला होती.

नेसमुक अनुभवाने बोलतो, केफार्ट वर्गीकरणाने. ग्रंथालयात पुस्तके लावावीत तशी तो रानातल्या सामानाची व्यवस्था लावतो. प्रत्येक वस्तूचे वजन, माप, उपयोग आणि पर्याय. सुरीबद्दल त्याचे म्हणणे स्पष्ट आहे. जड शिकारी सुरी कुऱ्हाडीचे काम करील ही समजूत भ्रामक आहे. पाते साडेचार-पाच इंचांचे पुरे, पाठ फार जाड नको, मूठ लाकडाची, लंबगोल, ओल्या हातातही न फिरणारी. त्याच्या आराखड्याप्रमाणे पेनसिल्व्हेनियातल्या कोलक्लेसर बंधूंनी सुरी घडवली. दिसायला ती इतकी सामान्य आहे, की तिचे छायाचित्र पाहणाऱ्याला ही बटाटे सोलायची सुरी वाटावी. त्या सामान्य दिसण्यामागे बराच विचार आहे. आणि विचार जितका पक्का, तितकी वस्तू कमी बोलते. चांगल्या गद्यालाही हाच नियम लागू पडतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

५. स्वस्त म्हणजे काय?

या दोघांच्या लेखनातून आणि नंतरच्या अनुभवातून स्वस्त सुरी निवडण्याचे जे निकष निघतात, ते थोडक्यात मांडता येतात. पाते तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडे लांब. पाठ बेताची, कारण जाड पाते चिरत नाही, फाकवते. पात्याचे शेपूट मुठीत पुरेसे खोल गेलेले, कारण सुरी मोडते ती बहुधा तेथेच. मूठ साधी, कारण खाचाखोचांची नक्षी पहिल्या तासाला सुंदर वाटते आणि दुसऱ्या तासाला फोड आणते. म्यान घट्ट, कारण रानात सुरी हरवणे हे मोडण्याइतकेच वाईट. आणि पोलाद असे, की ज्याला साध्या दगडावर धार लावता येईल. कार्बनचे साधे पोलाद गंजते, पण लवकर धरते धार. गंज न चढणारे पोलाद ओल्या हवेत निर्धास्त ठेवते. या यादीत सोनेरी बटणाला, करवतीसारख्या दातेरी पाठीला, प्रसिद्ध नावाला जागा नाही. पैसे बहुधा त्यांचेच पडतात.

युरोपात या निकषांना दोन ठिकाणी मूर्त रूप मिळाले. स्वीडनच्या डालार्ना प्रांतात मोरा गावाजवळच्या ओस्टनोर येथे, अमेरिकेहून परतलेल्या फ्रॉस्ट एरिक एर्सनने १८९१ मध्ये लाकूड वाहणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. कामगारांना सुऱ्या लागत, म्हणून सुऱ्याही होऊ लागल्या. गाड्या मागे पडल्या आणि सुऱ्या उरल्या. कडक पोलादाचा गाभा आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड, अशी त्यांची जुनी घडण. मूठ बर्च लाकडाची, बहुधा लाल रंगवलेली. फ्रान्सच्या साव्हॉय डोंगरात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी घडीचा चाकू केला. लाकडी मूठ, एक पाते, एक खीळ आणि एक कडे. १९५५ मध्ये त्याला पाते उघडे असताना अडकवून ठेवणारे फिरते कडे जोडले गेले. दोन्ही वस्तू आजही स्वस्त आहेत, कारण त्या स्वस्तच असाव्यात म्हणून घडवल्या गेल्या.

इतिहासाने मात्र आपली जुनी चूक पुन्हा केली. १९८२ मध्ये 'फर्स्ट ब्लड' हा चित्रपट आला. त्यात नायकाच्या हाती मोठ्या पात्याची, दातेरी पाठीची, पोकळ मुठीत काड्यापेटीपासून दोऱ्यापर्यंत सामान ठेवता येणारी सुरी होती. मूळ सुरी जिमी लाइल या निष्णात कारागिराची होती. बाजारात आल्या त्या तिच्या हलक्या नकला. मूठ पोकळ करायची म्हणजे पात्याचे शेपूट कापायचे. नकलांमध्ये पाते मुठीपासून निखळू लागले. बोवीच्या जागी रॅम्बो आला, दहा सेंटांच्या पुस्तिकेच्या जागी पडदा आला. कथेने वस्तू घडवण्याची प्रक्रिया तीच राहिली. त्याच दशकात कॅनडातले रानविद्येचे शिक्षक मोर्स कोहान्स्की (१९४०–२०१९) आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मोराची साधी सुरी देत होते. दशकाच्या अखेरीस आलेल्या त्यांच्या पुस्तकाने नेसमुकची बाजू पुन्हा एकदा मांडली.

या वादाचा सर्वांत जुना साक्षीदार मात्र पुस्तकातला नाही. १९९१ मध्ये आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या त्या माणसाजवळ, ज्याला जग 'ओत्झी' म्हणते, तांब्याची कुऱ्हाड होती आणि अ‍ॅशच्या लाकडाच्या मुठीत बसवलेली लहानशी गारगोटीची सुरीही होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची दगडी अवजारे बारकाईने तपासली गेली. ती पुन्हा पुन्हा धार काढून झिजलेली होती. नवा दगड त्याला बरेच दिवस मिळाला नसावा. धार काढण्यासाठी शिंगाचे टोक बसवलेली एक लाकडी कांडी मात्र त्याच्याजवळ होती. सुरी विकत घेणे ही एका दिवसाची घटना आहे. धार राखणे हा रोजचा धर्म. ओत्झीच्या सामानात सुरीइतकेच महत्त्व त्या कांडीला आहे.

६. निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा

येथवरचा इतिहास साधेपणाच्या बाजूने सरळ निकाल देतो असे वाटेल. पण एक अवघड प्रश्न उरतो. केफार्टने ज्या डोंगराळ लोकांत राहून आपली विद्या पक्की केली, त्यांच्यावर त्याने १९१३ मध्ये 'अवर सदर्न हायलँडर्स' हे पुस्तक लिहिले. त्यांच्याकडची सुरी साधी होती, कारण दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी तिची निवड केली नव्हती. पुढे लाकूडकंपन्यांनी ते डोंगर उघडे केले तेव्हा उरलेले रान वाचावे म्हणून केफार्टने राष्ट्रीय उद्यानाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९३१ मध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि १९३४ मध्ये उद्यान झाले. रान वाचले, त्यासाठी तेथल्या शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांच्यासाठी रान हे घर होते ते बाहेर गेले आणि ज्यांच्यासाठी ते सुटीचे ठिकाण होते ते केफार्टचे पुस्तक घेऊन आत आले. एका डोंगराला केफार्टचे नाव आहे. नेसमुकच्या बाबतीतही हेच सूत्र दिसते: शिकवणाऱ्या मूळ रहिवाशाचे नाव पुस्तकावर राहिले, पण टोपणनाव म्हणून. ज्ञान घेतले गेले, ज्ञात्याला जागा उरली नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची मांडणीच निराळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात लोहार शेतकऱ्याची अवजारे घडवतो, त्यांना पाणी देतो, धार लावतो आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेतो. तेथे कोयत्याला दुकानातल्यासारखी किंमत नाही. घडवणारा आणि वापरणारा यांच्यात वर्षभराचे नाते आहे. म्हणून ते नाते आदर्श होते, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या धान्याच्या राशीत जातीची उतरंडही होतीच, हे आत्रे वाचताना जाणवत राहते. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत अशक्य होती: आपले अवजार कोणाच्या हाताने घडले, हे न कळणे. शेफील्डची सुरी घेणाऱ्याला ते कधीच कळले नाही. आजच्या गिऱ्हाइकालाही ते कळत नाही.

तेव्हा रानात जाणाऱ्याने स्वस्त सुरी घ्यावी, हे नेसमुकचे म्हणणे आजही खरे आहे. पण त्याचे कारण केवळ पैसे वाचतात हे नव्हे. स्वस्त, साधी सुरी कथेचा भार वाहत नाही. ती हातात घेतली की आपण नायक होत नाही, आपल्याला काम करावे लागते. फांदी चिरावी लागते, मासा साफ करावा लागतो, संध्याकाळी दगडावर धार काढावी लागते. आणि हे सगळे करताना, ज्यांच्यासाठी ही सुटीतली हौस नसून रोजचे जगणे आहे, त्यांच्या हाताची थोडीशी ओळख होते. केफार्टच्या पुस्तकातून मिळू शकणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच ओळख होती. त्याच्या वाचकांनी सुरी घेतली. ओळख मात्र फार थोड्यांनी घेतली.